मेलबर्न : घड्याळांखाली भेटणारे शहर

मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाचा आराखडा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरासाठी होता आणि मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाचा मुंबईसाठी. टपालात पाकिटांची अदलाबदल झाली आणि दोन्ही शहरांनी हाती आलेल्या नकाशाबरहुकूम इमारती बांधून टाकल्या! ही गोष्ट मेलबर्नला गेलेल्या भारतीय पाहुण्याला कोणी ना कोणी ऐकवतोच. गोष्ट झकास आहे, फक्त खरी नाही. बोरीबंदरची इमारत १८८८ मध्ये पुरी झाली होती. फ्लिंडर्स स्ट्रीटच्या आराखड्यासाठी स्पर्धा लागली ती १८९९ मध्ये, ती जिंकली तिथल्या रेल्वेतल्याच दोघा कर्मचाऱ्यांनी, आणि पिवळ्या रंगाची, हिरव्या घुमटाची ती इमारत उभी राहायला १९१० साल उजाडले.

तरीही या स्थानकासमोर उभे राहिले की मुंबईकराला क्षणभर घरी आल्यासारखे वाटते, यात खोटे काही नाही. रेल्वेच्या बाबतीत तर मुंबईच वडीलधारी आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. ऑस्ट्रेलियातली वाफेच्या इंजिनाची पहिली गाडी याच फ्लिंडर्स स्ट्रीटवरून बंदराकडे निघाली ती १२ सप्टेंबर १८५४ रोजी.

स्थानकाच्या मुख्य दारावर ओळीने घड्याळे लावलेली आहेत. कोणत्या मार्गाची पुढची गाडी किती वाजता, हे ती सांगतात. पूर्वी एक माणूस लांब काठीने त्यांचे काटे फिरवीत असे. १९८३ मध्ये ती काढून नवी डिजिटल घड्याळे लावायचे ठरले, तर शहरात असा गहजब झाला की निर्णय लगेच मागे घ्यावा लागला. कारण मेलबर्नमध्ये कोणाला भेटायचे तर पत्ता एकच सांगतात – घड्याळांखाली. परदेशातल्या गर्दीत कुटुंबातले कोणी हरवलेच तर कुठे येऊन थांबायचे, हा प्रश्नही त्यामुळे पहिल्याच दिवशी सुटतो.

ऑस्ट्रेलियाची सहल म्हटली की आपल्याकडे सिडनीचे नाव आधी येते. तिथे ऑपेरा हाऊस आहे, बंदरावरचा पूल आहे. मेलबर्नकडे असे पोस्टकार्डावर छापण्याजोगे एकच एक ठिकाण नाही. म्हणून सहल कंपन्या या शहराला दीड दिवस देतात. त्यातलाही एक दिवस समुद्रकाठच्या रस्त्यावर बसमध्ये जातो. मुलगा किंवा मुलगी तिथे स्थायिक झाली म्हणून दोन-तीन महिने राहायला जाणारे आईवडील मात्र हळूहळू या शहराच्या प्रेमात पडतात. कारण इथले जे उत्तम आहे ते पायी आणि ट्रामने पाहायचे आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना तिकीट नाही.

तिकिटाविना ट्राम

मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. मेलबर्नने आपली सांभाळली, वाढवली. सुमारे २५० किलोमीटरचे इथले ट्रामचे जाळे जगातल्या शहरांत सर्वात मोठे मानले जाते. २०१५ पासून शहराच्या मध्यभागात ट्रामचा प्रवास विनामूल्य आहे. चढा, उतरा, पुन्हा चढा, कोणी काही विचारत नाही. जुन्या धाटणीची 'सिटी सर्कल' ट्राम मध्यभागाला फेरी घालते, तीही फुकट. ज्येष्ठांना शहराची पहिली ओळख करून द्यायला यासारखे साधन नाही. मात्र या फुकटच्या भागाला सीमा आहे. ती ओलांडण्याआधी 'मायकी' नावाचे कार्ड यंत्राला लावावे लागते, आणि तिकीट तपासनीस आपल्याइतकेच कडक आहेत. सेंट किल्डाचा समुद्रकिनारा, क्रिकेटचे मैदान, मोठे कलादालन ही सारी सीमेच्या बाहेर पडतात.

मध्यभागातले रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे आहेत. १८३७ मध्ये रॉबर्ट हॉडल या मोजणी अधिकाऱ्याने ते आखले. मुख्य रस्ते ९९ फूट रुंद, आणि त्यांच्या मधून जाणारे धाकटे रस्ते ३३ फुटांचे. घरांच्या मागच्या बाजूला गाड्या-घोड्यांना वाट असावी म्हणून हे धाकटे रस्ते काढले, आणि पुढे त्यांनाही आणखी बारीक बोळ फुटले. ज्या बोळांत एकेकाळी कचऱ्याचे डबे असत, तिथे आज कॉफीची दुकाने आहेत. डिग्रेव्हज स्ट्रीटवर दोन माणसे जेमतेम समोरासमोर बसतील अशी टेबले मांडलेली असतात. होझियर लेनमध्ये भिंतीवर चित्रे काढायला मुभा आहे. आज पाहिलेले चित्र पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या रंगाखाली गेलेले असते. मुलांना हा बोळ फार आवडतो.

कॉफीबद्दल या शहराला भारी अभिमान आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन कुटुंबांनी ही सवय लावली. पण आपल्या माणसाची तिथे एक गैरसोय होते. आपल्याला चहाची तल्लफ येते चार वाजता, आणि बरीचशी कॉफीची दुकाने नेमकी तेव्हाच खुर्च्या आत ओढू लागतात. इतर दुकानेही बहुतेक दिवशी संध्याकाळी पाच-सहाला बंद. 'आधी फिरू, मग खरेदी करू' हा बेत इथे चालत नाही.

ट्रामने सरकारी ग्रंथालयापाशी उतरावे. आत शिरायला पैसे पडत नाहीत. १९१३ मध्ये उघडलेले घुमटाखालचे वाचनालय अष्टकोनी आहे. वर पाहिले तर साधारण ३५ मीटर उंचावरून पांढरा उजेड खाली येतो आणि मधल्या टेबलावर बसलेले विद्यार्थी मुंग्यांएवढे दिसतात. इथेच नेड केली या दरोडेखोराचे लोखंडी चिलखत ठेवले आहे. नांगराचे फाळ ठोकून केलेले हे चिलखत घालून तो पोलिसांशी लढला. त्याला फाशीची शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती सर रेडमंड बॅरी हेच या ग्रंथालयाचे संस्थापक. त्यांचा पुतळा बाहेरच्या अंगणात आहे. केलीला ११ नोव्हेंबर १८८० रोजी जवळच्याच तुरुंगात फाशी दिले. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्यानंतर बाराव्या दिवशी बॅरी वारले. चोराचे चिलखत आणि न्यायाधीशाचा पुतळा एकाच आवारात! तो जुना तुरुंगही पाहता येतो. मात्र लहान मुलांना फाशीघर दाखवायचे की नाही, हे आईवडिलांनी आधी ठरवावे.

कोणाला आत घ्यायचे?

ग्रंथालयापासून पंधरा मिनिटे चालले की कार्ल्टन बागेतले रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग लागते. १८८० च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते बांधले. इथे पुन्हा बोरीबंदरची आठवण निघते, आणि या वेळी ती खरी आहे : युनेस्कोने या दोन्ही इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला तो एकाच वर्षी, २००४ मध्ये.

९ मे १९०१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संसदेचे उद्घाटन या घुमटाखाली झाले. १९२७ पर्यंत देशाची संसद मेलबर्नमध्येच भरत होती. पहिल्याच वर्षी तिने जे कायदे केले त्यांत एक होता परक्यांना देशात येऊ न देण्याचा. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. होती ती फक्त श्रुतलेखनाची परीक्षा. बंदरावरचा अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेतले पन्नास शब्द सांगणार, आणि आलेल्याने ते बिनचूक लिहायचे. भाषा कोणती ते अधिकारी ठरवणार. इंग्रजी उत्तम येणाऱ्या हिंदी माणसाला दुसऱ्याच भाषेत नापास करता येत असे. पुढे हा खेळ गोऱ्यांवरही उलटला. १९३४ मध्ये एगॉन किश हे हिटलरविरोधी पत्रकार आले. त्यांना उतरू देईनात, तेव्हा त्यांनी मेलबर्नच्या धक्क्यावर जहाजातून उडी मारली आणि पाय मोडून घेतला. अनेक भाषा जाणणाऱ्या या माणसाची परीक्षा सिडनीत स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत घेतली गेली. ही परीक्षा १९५८ मध्ये गेली. वर्णावर आधारलेल्या धोरणाचे उरलेसुरले अवशेष १९७३ मध्ये पुसले गेले.

हा सगळा इतिहास फ्लिंडर्स स्ट्रीटवरच्या जुन्या कस्टम हाऊसमधल्या स्थलांतर संग्रहालयात मांडला आहे. पर्यटक सहसा तिथे जात नाहीत, आणि भारतीयांनी तर ते चुकवूच नये. एका दालनात पाहुण्यालाच अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवतात. समोरच्या पडद्यावर अर्जदार येतो, त्याची मुलाखत होते, आणि याला देशात घ्यायचे की परत पाठवायचे ते आपण सांगायचे. जिच्या मुलाने गेल्याच वर्षी कायम वास्तव्याचा परवाना मिळवला आहे, अशा आईला ही खुर्ची जरा बोचते.

आज चित्र पालटले आहे. २०२१ च्या जनगणनेत मेलबर्न ज्याची राजधानी आहे त्या व्हिक्टोरिया राज्यात परदेशी जन्मलेल्यांमध्ये सर्वाधिक संख्या भारतात जन्मलेल्यांची निघाली. डँडेनाँग या उपनगरात 'लिटल इंडिया' नावाची पेठच आहे. कॅरम डाऊन्सच्या शिवविष्णू मंदिरात दाक्षिणात्य गोपुराखाली मराठी, तेलुगू, गुजराती सारे भेटतात. मराठी मंडळींचा गणेशोत्सवही होतो, फक्त तो बहुधा शनिवार-रविवारच्या सोयीने.

सोन्याच्या मागे आलेल्या चिन्यांना याच राज्याने १८५५ मध्ये माणशी दहा पौंडांचा कर लावला होता. तो चुकवायला ते शेजारच्या वसाहतीत उतरत आणि शेकडो मैल चालत खाणींवर येत. त्यांची वस्ती लिटल बर्क स्ट्रीटवर अजून आहे. संध्याकाळी सारे शहर तिथे जेवायला लोटते.

नदीकाठाने मैदानाकडे

शहरातली सर्वात चांगली पायवाट कोणती, तर फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकापासून क्रिकेट मैदानापर्यंतची. वीस-पंचवीस मिनिटांची ही वाट यारा नदीच्या काठाने जाते. नदीचे हे नाव गैरसमजातून पडले. १८३५ मध्ये एका इंग्रज मोजणीदाराने मूळ रहिवाशांच्या तोंडून पाण्याच्या धारेबद्दलचा शब्द ऐकला आणि तेच नदीचे नाव समजून वहीत लिहिले. वुरुंडजेरी लोकांचे नाव होते बिरारुंग, म्हणजे धुक्याची नदी. वाटेतल्या उद्यानाला आता ते परत दिले आहे.

त्याच साली जॉन बॅटमन या गोऱ्याने इथल्या वडीलधाऱ्यांशी 'करार' केला. चादरी, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, पीठ देऊन सहा लाख एकर जमीन घेतली, असे त्याचे म्हणणे. जमीन विकणे म्हणजे काय, ही कल्पनाच त्या लोकांच्या व्यवहारात नव्हती. गव्हर्नरने करार रद्द केला, पण जमीन परत देण्यासाठी नव्हे. ती इंग्लंडच्या राजाचीच आहे, बॅटमनला ती विकत घेण्याचा अधिकार काय, असे सांगून. हा प्रसंग लहानपणी आपण पाहिल्याचे विल्यम बराक हा वुरुंडजेरी पुढारी म्हातारपणी सांगत असे. उद्यानातून मैदानाकडे जाणारा पादचारी पूल त्याच्या नावाचा आहे.

आणि मग समोर येते ते एम.सी.जी. एक लाख प्रेक्षकांचे हे मैदान मराठी माणसाला काही नवे नाही. पहाटे उठून रेडिओ आणि दूरदर्शनवर त्याने ते कित्येक वर्षे पाहिले-ऐकले आहे. जगातला पहिला कसोटी सामना मार्च १८७७ मध्ये इथेच झाला. फेब्रुवारी १९८१ मध्ये पायचीत दिल्याच्या संतापात सुनील गावसकर चेतन चौहानला घेऊन बाहेर निघाले ते याच हिरवळीवरून. सीमारेषेवर व्यवस्थापकांनी चौहानला अडवून परत धाडले नसते, तर दुखावलेल्या मांडीने पाच बळी घेणारा कपिल देव आणि ८३ धावांत गारद झालेली ऑस्ट्रेलिया हे दृश्य दिसलेच नसते. सामना नसेल त्या दिवशी तिकीट काढून मैदान आतून पाहता येते. क्रीडासंग्रहालयही आवारातच आहे. क्रिकेटवेड्या घराने अर्धा दिवस इथेच राखून ठेवावा. ज्यांना क्रिकेटचे वावडे आहे त्यांना तेवढ्या वेळात कलादालनाकडे धाडावे.

इथला डिसेंबर २०२० चा सामना विसरण्याजोगा नाही. ॲडलेडला ३६ धावांत सर्वबाद झालेला संघ आठवड्याभरात इथे उतरला. विराट कोहली बाळंतपणासाठी घरी परतलेला, कर्णधार संगमनेर तालुक्यात जन्मलेला अजिंक्य रहाणे. त्याने ११२ धावा काढल्या आणि भारताने आठ गडी राखून सामना जिंकला. सामनावीर म्हणून त्याला दिलेले मुल्लाह पदक त्या वर्षी प्रथमच दिले जात होते.

जॉनी मुल्लाह हा व्हिक्टोरियातला आदिवासी क्रिकेटपटू. २६ डिसेंबर १८६६ रोजी आदिवासी संघ याच मैदानावर मेलबर्न क्रिकेट क्लबशी खेळला, तेव्हा तो त्यात होता. १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेला ऑस्ट्रेलियाचा पहिला क्रिकेट संघ आदिवासींचाच होता, आणि त्यातला सर्वात चमकलेला खेळाडू मुल्लाह. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरियाने कायदा करून आदिवासींनी कुठे राहावे, कुठे काम करावे हे सरकारच्या हाती दिले. तसा दौरा मग फार काळ पुन्हा निघाला नाही. मैदान पाहायला जाणाऱ्या मुलांना शतकांच्या आकड्यांबरोबर हेही सांगायला हवे.

परतताना पाय बोलत नसतील तर नदीपलीकडे नॅशनल गॅलरी आहे. कायमस्वरूपी संग्रह पाहायला पैसे पडत नाहीत. दारातच काचेवरून सतत पाणी ओघळत असते. त्याला हात लावल्याशिवाय कोणी मूल पुढे सरकत नाही. आतल्या मोठ्या दालनाचे छत रंगीत काचांचे आहे. ते नीट पाहायचे तर जमिनीवर पाठ टेकून झोपायचे, आणि तिथे सगळेच तसे झोपतात. लाजायचे कारण नाही.

मंडई आणि शहराबाहेर

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट ही १८७८ पासूनची मंडई. सोमवार आणि बुधवारी बंद असते, हे न कळल्याने अनेकांची फेरी वाया जाते. भाजीवाल्यांच्या आरोळ्या, बंद होण्याच्या सुमारास उतरणारे भाव, सगळे ओळखीचे. गरम जॅम भरलेले डोनट विकणाऱ्या गाडीपुढे रांग दिसली की उभे राहावे. मंडईचा काही भाग शहराच्या जुन्या दफनभूमीवर आहे आणि हजारो जणांचे अवशेष अजून खालीच आहेत. हे डोनट खाऊन झाल्यावर सांगावे.

एक दिवस 'पफिंग बिली' या झुकझुक गाडीसाठी काढावा. लोकलने बेलग्रेव्हला जायचे, तिथून वाफेच्या इंजिनाची अरुंद रुळांची गाडी डँडेनाँगच्या डोंगरात शिरते. १९०० मध्ये सुरू झालेली ही गाडी दरड कोसळून बंद पडली होती. हौशी लोकांनी ती १९६२ मध्ये पुन्हा चालू केली आणि आजही स्वयंसेवकच तिचा बराचसा कारभार पाहतात. माथेरानची आठवण होते, पण इथे डब्याच्या कठड्यावर बसून पाय बाहेर सोडता येतात. आपल्याकडे ज्यासाठी दंड होतो त्याचे इथे तिकीट आहे!

ग्रेट ओशन रोडबद्दल मात्र सावध राहावे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात खोदलेला हा समुद्रकाठचा रस्ता खरोखर देखणा आहे. पण 'ट्वेल्व्ह अपॉसल्स'चे खडक पाहून एका दिवसात परत यायचे म्हणजे बारा-तेरा तास बसमध्ये. गुडघेदुखीवाल्यांचे त्यात हाल होतात. एक रात्र वाटेत मुक्काम करावा, नाहीतर हा बेतच सोडावा. नावात बारा असले तरी खडक बारा कधीच नव्हते, आणि २००५ मध्ये त्यांतला एक कोसळल्यावर आठच उरले.

त्यापेक्षा फिलिप बेट बरे. जेमतेम फूटभर उंचीचे पेंग्विन दिवसभर समुद्रात मासे पकडून अंधार पडताच थव्याने वाळूवर येतात आणि लगबगीने आपापल्या बिळांकडे जातात. फोटो काढायला सक्त मनाई आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळता मावळत नाही, पेंग्विन येईपर्यंत नऊ वाजून जातात आणि मुले पेंगुळतात. मे-जूनमध्ये ते साडेपाच-सहालाच हजर असतात.

मे महिना म्हणजे आपल्याकडच्या शाळांची सुट्टी. पण तिथे तेव्हा हिवाळा दारात उभा असतो, दिवस लहान आणि वारा बोचरा. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. ऋतू कोणताही असो, स्वेटर आणि छत्री रोज पिशवीत हवी. या शहरात एका दिवसात चारही ऋतू होतात असे तिथलेच लोक म्हणतात. घरी फोन करताना लक्षात ठेवावे की तिथले घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असते, आणि ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेपाच तास.

राहता राहिले लेकीसाठी नेलेले डबे. विमानतळावर खाद्यपदार्थांची तपासणी फार कडक असते. बियाणे, ताजी फळे, दुधाचे पदार्थ यांच्याकडे विशेष लक्ष असते. विमानात मिळणाऱ्या फॉर्मवर भाजणी, मेतकूट, लोणचे, लाडू सगळे लिहावे. लिहिलेल्या वस्तूचे फार तर काय होईल, ती काढून घेतील. लपवलेल्या डब्याला मात्र जबर दंड आहे, आणि 'घरी केलेले आहे हो' हे कारण तिथे कोणी ऐकून घेत नाही.